धोट्याची नोंद

सर, परवा एक मुलगी तुमची पुस्तिका घेऊन माझ्याकडे आली. गिरणीतले शब्द गोळा करून तुम्ही छापलीत ती. मूळ प्रत नव्हे, झेरॉक्स. कुठल्याशा ग्रंथालयाच्या माळ्यावरून तिने शोधून काढली आणि शोध लागल्याच्या आनंदात माझ्या टेबलावर ठेवली. गिरणगावच्या बोलीवर ती प्रबंध लिहिते आहे. गिरण्यांचे भोंगे थांबल्यापासून गिरण्यांवर प्रबंध लिहिणाऱ्यांच्या पाळ्या मात्र जोरात सुरू झाल्या आहेत. मी संस्कृत शिकवतो आणि परळला वाढलो, म्हणजे हा मनुष्य दोन्हीकडचं जाणत असणार, असा तिचा हिशेब. तिने एका नोंदीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "धोटा भरणे : सूत्रप्रवेशन. साचेखात्यातील एक क्रिया." मग म्हणाली, "किती नेमकं आहे ना, सर?" मी म्हटलं, "नेमकं आहे." तुम्ही शिकवलेली सभ्यता अजून टिकून आहे, एवढंच त्यावरून समजा. कारण याच ओळीपायी अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी तुमच्या घरी येणं बंद केलं होतं.

तुमचं घर म्हणजे गिरगावातल्या त्या दोन खोल्या. दर रविवारी सकाळी परळहून ट्रामने मी तुमच्याकडे येत असे. बाहेरच्या खोलीत संयुक्त महाराष्ट्राच्या पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, त्यामुळे धडा स्वयंपाकघरात. काकू थालीपीठ थापत, तुम्ही पाटावर बसून समास सोडवत, आणि मी दोन्हीकडे सारखंच लक्ष आहे असं दाखवत असे. पहिल्या रविवारी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा बा हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिला. "चुलीजवळ बसवलं?" "चूल नाही, स्टोव्ह आहे." "तेच रं," तो म्हणाला, "आन बाई काय बोलली न्हाई?" "बोलल्या. अजून एक घे म्हणाल्या." बाने ही गोष्ट पुढे आठवडाभर अख्ख्या चाळीला ऐकवली, आणि दर वेळी थालीपिठांची संख्या एकाने वाढत गेली. आमच्या लोकांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसण्याची सवय नव्हती, सर. तुम्ही त्याचा गाजावाजा केला नाहीत, उपकार केल्यासारखं तोंड केलं नाहीत. पुढचं जे झालं त्याचा राग इतकी वर्षं टिकला, तो त्यामुळेच. तुम्ही साधे ढोंगी असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेलो असतो.

त्या वर्षी आमच्याकडे सगळेच शब्द बदलत होते. देव्हारा गेला होता, जुनी नावं गेली होती, वंदना पाठ करण्याची धडपड चालली होती. चाळीत सगळे म्हणत, "आम्ही बुद्ध झालो." बा एकदा माझ्याबरोबर गिरगावात आला आणि तेच म्हणाला, तेव्हा तुम्ही हसून त्याला म्हणालात, "बुद्ध होणं फार कठीण हो, आधी बौद्ध व्हा." बा म्हणाला, "मास्तर, व्हायचंच तर एकदम झालेलं बरं. आर्ध्यात कोन थांबनार?" तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. मी मात्र शरमेने मान खाली घातली होती. बाच्या 'लिवलं'ची, 'न्हाई'ची मला तेव्हा लाज वाटायची; तुमच्यासमोर मी त्याला 'वडील' म्हणत असे आणि घरी 'बा'. ते तुमच्या ध्यानात आलं. पुढच्या रविवारी धडा बाजूला ठेवून तुम्ही मला असं झापलंत की काकूंनी वळून बघितलं. "बापाच्या बोलण्याची लाज वाटते? दोन वर्षं रूपं पाठ केलीस आणि शिंगं फुटली? त्यांचा शब्द ते रोज हातात धरतात. तुझा नुसता वहीत आहे." आणि मग, रागावल्याची भरपाई म्हणून की काय, एक जाड शिवलेली वही माझ्यापुढे ठेवलीत. पानांच्या कडेला अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं तुम्ही स्वतः लाल शाईने घातली होती. मराठी राज्य येणार, त्याचा कारभार मराठीत चालणार, यंत्राचे शब्दही मराठीत लागणार. तर ते पंडितांनी बसून पाडण्याआधी गिरणीतून आणू या. ही तुमची कल्पना. "जसा बोलतात तसा लिहायचा," तुम्ही बजावलंत, "साबण लावायचा नाही."

बा त्रासन खात्यात होता, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात. तुम्ही आमच्या खोलीवर पहिल्यांदा आलात तेव्हा या शब्दाने सुरुवात झाली. तुम्ही डोळे मिटून त्रास देण्याचा धातू शोधलात, प्रत्यय लावलात आणि 'भय उत्पन्न करणारे यंत्र' असा अर्थ काढून आमच्यापुढे ठेवलात. बा आदराने ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, सायबाच्या मशीनचं नाव हाय ते. आमच्या तोंडात बसत न्हाई म्हनून तसं म्हनतो. पर तुमचंबी बराबर हाय. त्रास लई देतं." त्या दिवशी बाने सकाळीच धुतलेला सदरा घातला होता. समोरच्या, कोकणातल्या लोकांच्या चाळीतून त्याच गिरणीतला एक विणकर आला होता, बाचा जुना दोस्त. तो साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचा. तो उंबऱ्यावर बसला. आत ये म्हटलं तर म्हणाला, "हय वारो लागता." तुम्ही खोलीच्या मधोमध बसून आमच्या कपातला चहा फुंकून फुंकून पिऊ लागलात. त्याने ते थोडा वेळ पाहिलं आणि मग हात पुढे केला. "दे रे, माका पण."

संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास शब्द झाले असतील. प्रत्येक शब्दावर भांडण. अमुक खात्यात असं म्हणतात, तमुक गिरणीत तसं. पण खरा तंटा उभा राहिला तो धोट्यावरून. साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा तो लाकडी धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची, आणि सुताचं टोक त्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते टोक हाताने निघत नाही. विणकर धोट्याला तोंड लावतो आणि श्वासाने आत ओढतो. कांडी संपली की पुन्हा. दिवसातून शेकडो वेळा. तुम्ही विचारलंत, या क्रियेला काय म्हणता?

"धोटो भरणां म्हणतत," विणकर म्हणाला.

"भरताना हात लागतो," बा म्हणाला. "तोंड लावता त्याला काय म्हनता?"

"तां पण भरणांच."

"चोखनं म्हनत्यात. धोटा चोखनं. आख्ख्या त्रासनात इचारा, मास्तर."

"तुमच्या त्रासनात धोटो असता खंय? आणि चोखूक काय तो रायवळ आंबो आसा?"

"आमच्यात न्हाई," बा म्हणाला, "म्हनूनच आमाला नाव ठावं हाय."

मी मध्येच शहाणपणाने सांगितलं की नवी पोरं थ्रेडिंग म्हणतात. तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा लिहायला लागलो. विणकर तोंड फिरवून जिन्याकडे बघू लागला. मग बाने तुम्हाला सांगितलं, जे मलाही त्याने तोवर कधी सांगितलं नव्हतं. एका साच्यावरचा धोटा आज याच्या तोंडाला, उद्या त्याच्या. आमच्या माणसाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? म्हणून आमच्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. आमचे सगळे त्रासनात. पगार कमी, पण तिथे कुणाचं तोंड कशाला लागत नाही. तरणा असताना बाला साचा चालवायची फार हौस होती. लांबून बघून बघून तो सगळं शिकला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत खात्यात कुणी नव्हतं. एका साच्यावर कांडी संपलेली. बाने नवी कांडी बसवली, धोटा उचलला, तोंडाला लावला, सूत एका श्वासात बाहेर आलं. कुणीतरी पाहिलं. मारलं वगैरे नाही, सर. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला आणि त्याने तो धोटा नेऊन बॉयलरात टाकला. लाकूड उत्तम होतं, टोकं लोखंडाची होती. "मला कायबी बोलले न्हाईत," बा म्हणाला, "धोटा जाळला. आता धोट्याचा काय गुन्हा, मास्तर?"

 खाली नळावर बायकांची भांडणं चालली होती ती ऐकू येत होती. मग उंबऱ्यावरून विणकर म्हणाला, "चोखणांच लिवा, मास्तर. तो धोटो माझो होतो." आणि थोड्या वेळाने, बाकडे न बघता, "माका दुसरो दिल्यानी. मी काय बोलाक नाय."

ती नोंद तुम्ही मला लिहू दिली नाहीत. वही माझ्याकडून ओढून घेऊन स्वतःच्या हाताने लिहिलीत. 'धोटा चोखणे', मग क्रिया, मग खात्यातून आमच्या माणसांना वगळण्याचं कारण, आणि शेवटी जाळलेल्या धोट्याची हकीकत, दोन ओळींत. मोठ्याने वाचून दाखवलीत. बाने विचारलं, "जाळला, ते लिवलं?" "लिहिलं." "छापनार?" तुम्ही बाचा हात हातात घेऊन म्हणालात, "असंच्या असं छापीन. काना इकडचा तिकडे होणार नाही." बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्या नोंदीवर आपलं बोट टेकवून तो बराच वेळ बसला होता, जणू शाई वाळायची वाट बघत होता.

मग मोर्च्यांचे दिवस. 'झालाच पाहिजे' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडणारे ते दोघंही एकाच रांगेत होते, बा आणि विणकर. रांगेत चालायला कुणाची हरकत नसते; तिथे तोंडाला तोंड लागत नाही. पुस्तिका छापून आली तेव्हा मी रविवारची वाट न बघता गिरगावात धावत आलो. तुम्ही प्रत हातात दिलीत, आणि मी उभ्याउभ्याच ध च्या पानावर गेलो. तिथे ते 'सूत्रप्रवेशन' बसलेलं. एक ओळ. पान उलटून पाहिलं, मागेपुढे पाहिलं. वाटलं, मजकूर चुकून दुसरीकडे गेला असेल. मग तुमच्याकडे पाहिलं, आणि कळलं की कुठेही गेलेला नाही.

"बस," तुम्ही म्हणालात. मी बसलो नाही. तुम्ही समजावून सांगू लागलात. छापणाऱ्या मंडळात साचेखात्यातली माणसं आहेत. त्यांना हा आपल्यावर आरोप वाटला. ऐन लढ्यात गिरणगावात दुही नको. सगळी गिरणी एका आवाजात बोलली पाहिजे.

"मग राहिला कुणाचा आवाज?" मी विचारलं.

"एकदा राज्य होऊ दे. दुसऱ्या आवृत्तीत घालू."

"आणि चोखणे? तो शब्द तरी?"

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "अरे, जरा ग्राम्य वाटतो तो."

ग्राम्य. साबण लावू नकोस म्हणून मला बजावणारे तुम्ही. लालबाग-परळला गाव कधीपासून म्हणू लागलात, हे विचारायचं मला तिथे सुचलं नाही. मला चोख उत्तरं नेहमी परतीच्या ट्राममध्येच सुचतात. आत काकूंनी स्टोव्ह बंद केला होता. त्याचा आवाज थांबल्यावर कळलं की त्या ऐकत होत्या. "अहो," त्या आतूनच म्हणाल्या, "पण त्याने आता वडिलांना काय सांगायचं?" तुम्ही पुस्तिकांचा गठ्ठा सारखा करू लागलात. संबंध गिरगावात जाहीर सभा गाजवणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघराला उत्तर देऊ शकला नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं.

घरी बा पहिली पाळी करून आला होता, हातपाय धुऊन बसला होता. "आनलं? वाच." मी ध चं पान उघडलं आणि वाचलं. 'धोटा चोखणे' वाचलं, तोंडाने सूत ओढण्याची क्रिया वाचली, आमच्या माणसांना का घेत नाहीत ते वाचलं, जाळलेला धोटा वाचला. तुमची नोंद मला शब्दन् शब्द पाठ होती. पाठांतर तर तुम्हीच शिकवलं होतं. डोळे मात्र त्या एका ओळीवरून इकडेतिकडे फिरवत राहिलो, कारण एका ओळीला इतका वेळ लागत नाही हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. बाने ऐकून घेतलं. पुस्तिका माझ्या हातातून घेतली, सदऱ्याला पुसली आणि ट्रंकेत ठेवली. म्हणाला, "मास्तर सबदाचा पक्का निगाला."

तिसऱ्या दिवशी ती घेऊन तो समोरच्या चाळीत गेला. विणकराला मराठी वाचता येत असे. आणि बघा सर, तुमच्या मंडळातल्या माणसांनी जे लपवलं ते त्या साचेवाल्याने लपवलं नाही. त्याने सगळं पान वाचून काढलं, पुढचं वाचलं, मागचं वाचलं आणि म्हणाला, "हय तां नाय रे. काय एक नाय." बा परत आला तेव्हा मी खिडकीशी अभ्यास करत होतो. त्याने पुस्तिका माझ्यापुढे धरली आणि एवढंच विचारलं, "परवा काय वाचलंस तू?"

तुम्ही पुढच्या रविवारी आमच्याकडे आलात. काकूंनीच पाठवलं असणार, असं मला अजून वाटतं. जिना चढून तुम्हाला धाप लागली होती. बाने तुम्हाला बसा म्हटलं नाही. उभ्याउभ्याच बोलला. "मास्तर, तुमी कापलं, ते कापलं. तुमचीबी काय अडचन आसंल. पर पोराला खोटा कागद दावलात, ह्यो छापायला दिलाय म्हनून त्याच्याकडनं घोकून घेतलात, आन माज्या म्होरं त्याला खोट्यात पाडलंत. हे बरं न्हाई केलं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मी पुस्तकात बघत होतो, तरी ते मला कळलं. मग तुम्ही बाला म्हणालात, "चुकलं माझं," आणि वळून जिना उतरू लागलात. त्यानंतर सहा वर्षं तुम्ही हयात होतात. राज्य झालं, दिवे लागले, बाने चाळीत पेढे वाटले. दुसरी आवृत्ती निघाली नाही.

परवा त्या मुलीला मी जाऊ दिलं नाही. बसवून घेतलं, खरी नोंद सांगितली, तिने उतरून घेतली. प्रबंधात घालणार आहे म्हणते. कुणी कापली असं तिने विचारलं तेव्हा तुमचं नावही सांगितलं, जराही न अडखळता. नोंद कापल्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. तुम्ही आमचा हात हातात घेऊन शब्द दिला होता आणि तो आमच्यापेक्षा सोयीच्या माणसांसाठी मोडलात. सगळं सांगितलं तिला. फक्त एक गाळलं. छापायला दिलेला म्हणून कुठलाच कागद तुम्ही मला कधी दाखवला नव्हता. बाने पुस्तिका पुढे धरली तेव्हा तोंडात पहिली आली ती हीच थाप होती. तुम्ही जिन्यात उभे राहून दोन शब्दांत ती खोडून काढू शकला असतात. बा तुमच्यानंतर पाच वर्षांनी गेला, आणि जाईपर्यंत तुम्हाला 'खोटा मास्तर' म्हणत राहिला. ते खोडायला मला त्याच्यापुढे अकरा वर्षं होती, आणि तुमच्यापुढे सहा. आज लिहितो आहे, तेही तुम्हा दोघांपैकी वाचणारं-ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून.